दादांची माणसं आणि माझे चार टायर

माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादा जालन्याकडून पिंपरीला आले ते विशीत. रबराच्या एका कंपनीत लागले आणि तिथूनच रिटायर झाले. कामावर जायला आधी सायकल, मग कंपनीची बस. रिटायर झाल्यावर सिटी बसचा ज्येष्ठ नागरिकांचा पास. त्यामुळे मी इलेक्ट्रिक कार घेतली तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद त्यांना झाला. माझ्याहूनही जास्त, कारण मला दर महिन्याचा हप्ता दिसत होता.

मी चाकणला एका कारखान्यात पर्चेसला आहे. म्हणजे दिवसभर लोकांकडून माल घ्यायचा आणि भाव करायचा. समोरचा माणूस आकडा सांगतो, मी चष्मा काढून टेबलावर ठेवते आणि काहीच बोलत नाही. तेवढ्यानं दोन टक्के कमी होतात. गाडी घेतानाही मी तीन महिने असाच अभ्यास केला. चिखलीहून मोशी, मोशीहून नाशिक हायवेनं चाकण, रोज जाऊन येऊन. जुनी गाडी कुरुळीच्या ट्रॅफिकमध्ये नुसती उभी राहून पेट्रोल प्यायची. मी विमा धरला, हप्ता धरला, चार्जर बसवायचा खर्च धरला, पाच वर्षांनी विकली तर काय येईल तेही धरलं. माझा नवरा भोसरीत टूलरूमला आहे आणि मोटरसायकलवर सुखी आहे. तो म्हणाला, ‘एवढ्या वेळात तू चालत जाऊन आली असतीस.’

शोरूमला दादा सोबत आले होते. तिथला विक्रीवाला तरुण तोंडपाठ बोलत होता. ‘मॅडम, पेट्रोल नाही, इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, गिअर नाही. चालवायला खर्चच नाही!’

विकणाऱ्याचं बोलणं एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडायचं, याचाच मला पगार मिळतो. दादांनी मात्र ते दोन्ही कानांनी ऐकलं आणि आत ठेवलं. घरी येताना रिक्षात ते मधेच म्हणाले, ‘खर्चच न्हाई म्हणे. कमाल आहे बघ.’

खर्च पहिल्या आठवड्यातच सुरू झाला. आमच्या सोसायटीत मीटर एका टोकाला आणि माझं पार्किंग दुसऱ्या टोकाला. वेगळं मीटर घ्यायचं ठरलं. केबल किती फूट लागेल ते दादांनी स्वतः टेप धरून मोजलं, मग वायरमननं मोजलं आणि वायरमनचं माप दादांपेक्षा बरंच जास्त आलं. मी चष्मा काढून बघितला. वायरमन म्हणाला, ‘मॅडम, केबल हवेतून उडत नाही, भिंतीच्या कडेनं वळत जाते.’ त्याचं बरोबर होतं. सोसायटीच्या सेक्रेटरींना दोन भीती होत्या: पावसात करंट उतरेल आणि सगळ्या बिल्डिंगची लाइट जाईल. त्यांची समजूत घालण्यात दोन रविवार गेले, आणि दादांच्या हातची चार कप कॉफी.

मग पहिलं बिल आलं आणि माझ्याकडून चूक झाली. जेवताना मी आनंदानं आकडा मोठ्यानं वाचला. जुन्या गाडीला एका आठवड्याला लागायचे त्याहून कमी पैसे अख्ख्या महिन्याला लागले होते. दादांनी घास तसाच हातात धरला आणि म्हणाले, ‘परत वाच.’

दुसऱ्या दिवशी ते नेहमीप्रमाणे दहाच्या बसनं पिंपरीला गेले. आमच्या जुन्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर त्यांची माणसं रोज बसतात. सगळी कुठल्या ना कुठल्या कंपनीतून रिटायर झालेली. त्या ओट्यावर माझ्या विजेच्या बिलाचं जाहीर वाचन झालं, हे मला फार उशिरा कळलं.

आमच्या कारखान्याला गुरुवारी सुट्टी असते. पहिल्याच गुरुवारी सकाळी दादा कपडे इस्त्री करून माझ्यासमोर उभे राहिले.

‘आपल्या विहारातल्या काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, मोतीबिंदू. पालिकेच्या हॉस्पिटलला सोडायचंय. बसमध्ये धक्के बसतात त्यांना.’

‘सोडू की,’ मी म्हटलं. या काकांनी लहानपणी मला खांद्यावर घेऊन मिरवणुका दाखवल्या होत्या. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. आम्ही काकांना त्यांच्या घरून घेतलं, हॉस्पिटलला सोडलं, दुपारी पट्टी बांधलेल्या डोळ्यासकट परत आणलं. उतरताना काकांनी खिशातून शंभराची नोट काढली. मी काही बोलायच्या आत दादांनी त्यांचा हात दाबला. ‘ठेव रे. हिला काय पेट्रोल लागतं का?’

त्या वाक्यानं माझं कल्याण झालं.

पुढच्या गुरुवारी एका मावशींना देहूरोडला बारशाला जायचं होतं. या मावशी विहारातल्या महिला मंडळाच्या पुढारी. आवाज असा की माइक त्यांना लागत नाही. त्यांच्यासोबत पाळणा होता. त्याच्या पुढच्या गुरुवारी निगडीला कुणाच्या तरी घरी मुलगी बघायला. मग एकांना हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत. मग विहाराच्या वाचनालयाला कुणी दिलेली पुस्तकं, आठ खोकी. मग गायनपार्टीची पेटी. पेटी मागच्या सीटवर बसेना म्हणून दादा आणि पेटीमास्तरांनी ती तिरकी करून घातली आणि मागच्या दाराला बाहेरून एक लांब ओरखडा पडला. दादांनी त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘लांबून दिसत न्हाई.’

गाडीत दादा पुढे बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला गाडी समजावून सांगायचे. इंजिन कसं नाही, आवाज कसा नाही, नंबरची पाटी हिरवी का असते. ब्रेक लावला की थोडी वीज बॅटरीत परत जाते, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ती गोष्ट त्यांना फार आवडली. ती गाडीची मुख्य कमाई आहे असा त्यांचा समज झाला.

‘ब्रेक मार जरा,’ ते रिकाम्या रस्त्यावर म्हणायचे.

‘कशाला? समोर कुणी नाही.’

‘म्हणूनच म्हणतो. मोकळ्या रस्त्यावर मार. चार्ज होऊ दे.’

एसी मात्र ते लावू द्यायचे नाहीत. एसीला करंट खर्च होतो. पाच माणसं, एक पाळणा, मे महिना, आणि खिडक्या उघड्या. स्पाइन रोडची सगळी धूळ आम्ही विनामूल्य घेतली. मावशी पदरानं वारा घेत म्हणायच्या, ‘भाऊ, गाडी भारी आहे हां. नुसती उकडते तेवढीच.’

नवरा मला चिडवायचा. गुरुवारी सकाळी चहा देताना विचारायचा, ‘आजचा रूट कोणता? व्हाया मोशी की डायरेक्ट?’ एकदा त्यानं माझ्यासाठी खरोखरच कंडक्टरची असते तशी चामडी पिशवी आणली, पिंपरी कॅम्पातून. मी ती भाजीसाठी वापरते.

रागही यायचा मला. हे नाकारून उपयोग नाही. आठवड्याची एक सुट्टी, तीही दादांनी ओट्यावर बसून वाटून टाकलेली. मला विचारायचे नाहीत, कळवायचे. ‘उद्या अकराला निघायचंय.’ ‘मी त्यांना शब्द दिलाय.’ कारखान्यात मला विचारल्याशिवाय एक नटसुद्धा आत येत नाही आणि इथे माझ्या गाडीत कोण बसणार हे मला दार उघडल्यावर कळायचं. पण दादांना मी काय बोलणार? ज्या माणसानं उन्हापावसात सायकल मारून मला शिकवलं, त्याला मी गाडीचा हिशोब सांगू? मग मी दार जरा जोरात लावायचे. दादा म्हणायचे, ‘हळू लाव, माय. नवी गाडी आहे.’

अशी दीड-पावणेदोन वर्षं गेली. मग एका गुरुवारी, त्या दिवशी कुणाला सोडायचं नव्हतं, मी हवा भरायला मोशीजवळ हायवेच्या कडेच्या टायरवाल्याकडे थांबले. दादा सोबत होतेच. टायरवाल्यानं हवा भरली, मग खाली बसून टायरवर अंगठा फिरवला आणि मला हाक मारली.

‘ताई, हे बघा. नक्षी संपली. चारही गेलेत.’

‘एवढ्यात? जुन्या गाडीला चार-चार वर्षं जायचे.’

‘ही इलेक्ट्रिक आहे ना. बॅटरीनं गाडी जड होते, आणि उचल जोरात असते. टायर लवकर खाते. त्यात चाकणचा रोड. आणि लोड किती असतो?’

मी दादांकडे बघितलं. दादा टायरकडे बघत होते. टायरवाल्यानं नव्या चार टायरचा भाव सांगितला. मी सवयीनं चष्मा काढला. त्यानं माझ्या चष्म्याकडे बघितलं सुद्धा नाही. या गाडीला साधा टायर चालत नाही, आवाज कमी करणारा आणि वजन पेलणारा वेगळाच लागतो, असं सांगून तो आकड्यावर ठाम राहिला. माझ्या गाडीच्या दोन हप्त्यांत ते टायर बसत नव्हते. विमा पुन्हा भरायची तारीखही तीन-चार महिन्यांवर आली होती, आणि विमाही जुन्या गाडीपेक्षा चांगलाच जास्त होता.

आणि तिथे, हायवेच्या कडेला, ट्रकच्या आवाजात, मी बोलले.

‘बघा दादा. ही सगळी तुमची माणसं. झिजवले त्यांनी टायर. पेट्रोल लागत नाही म्हणून सांगत फिरता ना? आता हे कोण देणार?’

टायरवाला उगाच पाना शोधायला आत गेला. दादांनी वाकून जुन्या टायरवर हात फिरवला, नखानं रबर दाबून बघितलं. छत्तीस वर्षं त्यांनी रबरच हाताळलं होतं. मग सरळ झाले आणि म्हणाले, ‘रबर खरंच गेलंय. बदलून घे.’ टायर बदलून होईपर्यंत ते बाकावर बसून राहिले. परत येताना मी एसी लावला. त्यांनी बंद करायला सांगितलं नाही. त्यानं मला जास्तच कसंतरी झालं.

त्यानंतरच्या गुरुवारी दादा मला उठवायला आले नाहीत. दहाच्या बसनं एकटेच पिंपरीला गेले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. मी विचारलं, ‘कुणाला कुठे जायचं नाही का?’ तर म्हणाले, ‘न्हाई. सगळे घरीच आहेत.’ मी दोन गुरुवार दुपारचे जेवून झोपले. पहिल्या गुरुवारी छान झोप लागली. दुसऱ्या गुरुवारी लागली नाही.

‘बोल त्यांच्याशी,’ नवरा म्हणाला.

‘काय बोलू? चुकीचं काही बोलले नाही मी.’

‘बरोबरच बोललीस. म्हणून तर अवघड आहे.’

तिसऱ्या गुरुवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास मी दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. दादा त्या दिवशी पिंपरीला गेले नव्हते. खाली बनियन आणि लुंगीवर ते गाडी पुसत होते. गाडी चार्जिंगला लावलेली होती, हिरवा दिवा लागला होता. एवढ्यात गेटमधून सहा म्हातारी माणसं आत आली. पुढे मावशी, हातात मोसंब्यांची पिशवी. मागे डोळ्याचं ऑपरेशन झालेले काका, काळा चष्मा लावून. त्यांच्यामागे आणखी चौघं, त्यात दादांच्याच कंपनीत मेंटेनन्सला असलेले एक उंच काका. चेहरे सगळ्यांचे पडलेले. आजारी माणसाला बघायला येतात तसे.

‘जयभीम भाऊ,’ मावशी म्हणाल्या. त्यांच्या परीनं हळू, म्हणजे मला दुसऱ्या मजल्यावर स्वच्छ ऐकू आलं. ‘फार वाईट झालं बघा गाडीचं.’

दादांच्या हातातलं फडकं तसंच बॉनेटवर राहिलं.

‘बॅटरीच गेली म्हणे,’ डोळ्याचे काका म्हणाले. ‘नवीन टाकायची तर निम्म्या गाडीचे पैसे लागतात, असं माझा जावई सांगत होता. पोरगी काय म्हणते? धीराची आहे तशी.’

तेवढ्यात मेंटेनन्सचे काका गाडीकडे बघायला लागले होते. मावशींची नजर मागच्या दारावर गेली. त्यांनी त्या लांब ओरखड्यावर बोट ठेवलं.

‘अहो, ही तीच गाडी आहे! हा पेटीचा ओरखडा!’

‘आत्ताच आली,’ दादा म्हणाले. ‘गॅरेजमधून.’

‘आली आणि लगेच पुसायला घेतली?’ मेंटेनन्सचे काका खाली वाकले. ‘टायर नवे दिसतात.’

‘तेच तर काम निघालं होतं.’

‘टायर बदलायला तीन आठवडे? राव, आपण अख्खी प्रेस मशीन दोन दिवसांत खोलून बसवायचो.’

दादांनी वर बघितलं. मी बाल्कनीत ओला टॉवेल घेऊन उभी. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. शाळेत पकडल्या गेलेल्या पोरासारखे दिसत होते ते, चौऱ्याहत्तराव्या वर्षी. मला हसूही आलं आणि रडूही. मी वरूनच ओरडले, ‘मावशी, सगळ्यांना वर घेऊन या. पोहे टाकते.’

पोहे होईपर्यंत बाहेरच्या खोलीत कुणीच काही बोललं नाही, ही मावशींच्या आयुष्यातली पहिलीच वेळ असावी. मी बशा दिल्या आणि दादांच्या शेजारी बसले. मनात होतं की त्यांची बाजू सांभाळून घ्यावी. गॅरेज, बॅटरी, काहीतरी जुळवून सांगावं. पण समोर जी माणसं बसली होती ती बसमध्ये उभं राहून मोसंबी घेऊन माझ्या गाडीच्या दुःखात सहभागी व्हायला आली होती. त्यांच्याशी खोटं बोलायला जीभ वळेना.

‘काका, मावशी, गाडीला काही झालेलं नाही,’ मी म्हटलं. ‘मीच दादांना बोलले. वीज स्वस्त आहे, ते खरं आहे. पण गाडीचा हप्ता आहे, विमा आहे, आणि टायर दीड वर्षात गेले. मला रागात बोलायला नको होतं. पण दादा तुम्हाला सांगतात ना, खर्चच नाही, तर तसं नाही.’

डोळ्याच्या काकांनी काळा चष्मा काढला. मला वाटलं, दुखावले. तर ते हसत होते. आधी ते, मग मेंटेनन्सचे काका, मग सगळेच. मावशींच्या हसण्यानं शेजारच्या फ्लॅटचं दार उघडलं.

‘अगं, आम्ही काय बैल आहोत का?’ मेंटेनन्सचे काका म्हणाले. ‘पन्नास मशीन सांभाळल्यात मी. नुसत्या लाइटवर मशीन चालत न्हाई हे मला कळत न्हाई व्हय? बेअरिंग जातं, बेल्ट जातो. साहेबलोकांना तेच समजवण्यात माझी नोकरी गेली. मी याला शंभर वेळा म्हणालो, पोरीला काहीतरी देत जाऊ. हा हात धरतो!’

‘धरतोच की,’ मावशी म्हणाल्या. ‘माझं तर एकदा मनगट सुजलं.’

दादा पोह्यातले शेंगदाणे एका बाजूला काढत होते. मग म्हणाले, ‘माझ्या लेकीच्या गाडीत बसायला तिकीट लावू का मी?’

‘तिकीट न्हाई रे. झीज,’ मेंटेनन्सचे काका म्हणाले. ‘झीज भरून द्यायची असते.’

मग त्या खोलीत जी बोलणी झाली तशी मी नोकरीत कधी केली नाही. त्यांचं म्हणणं, रिक्षाला जेवढे लागतात तेवढे प्रत्येक फेरीला ठेवायचे. मी म्हटलं, फार होतात, निम्मे. मावशी म्हणाल्या, निम्मे तर निम्मे, पण हॉस्पिटलच्या फेरीला सुद्धा घ्यायचे. मी म्हटलं, हॉस्पिटलचे मुळीच घेणार नाही. डोळ्याचे काका म्हणाले, मग मी बसनं जाईन. त्यांनी चढवायचा आणि मी उतरवायचा, असा उलटा बाजार अर्धा तास चालला. नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, ‘हिला चष्मा काढू देऊ नका, नाहीतर फुकटावर आणेल.’

शेवटी मावशींनीच निकाल दिला. हॉस्पिटल आणि बँक यांना गाडी, निम्म्या रिक्षाभाड्यात. बारसं, साखरपुडा, मुलगी बघणं यांना बस. ‘नटलेल्या बाया बसमध्ये दिसल्या पाहिजेत,’ त्या म्हणाल्या, ‘नाहीतर साड्या घेऊन उपयोग काय?’ पेटी गाडीत कधीच नाही. आणि महिन्यातून एक गुरुवार माझा, त्यात कुणी बोलायचं नाही. हा शेवटचा नियम मी सुचवलेला नव्हता. तो दादांनी सुचवला, बशीकडे बघत.

दुपारी त्यांना परत सोडायला मी निघाले. मागे तिघं, पुढे डोळ्याचे काका. दोन जण उरले. दादा म्हणाले, ‘मी यांच्यासोबत बसनं येतो,’ आणि खरंच गेले. आम्ही स्पाइन रोडला सिग्नलला अडकलो, पुढे एक कंटेनर वळताना आडवा झाला, आणि विहारापाशी पोचलो तेव्हा दादा आणि ते दोघं ओट्यावर बसून होते. बस आमच्या आधी आली होती. दादा त्याच आनंदात सगळ्यांना सांगत होते की बसचं नियोजन आता सुधारलंय.

परतताना आम्ही दोघंच होतो. ते खिडकीतून कुदळवाडीची भंगाराची दुकानं बघत राहिले. मी विचारलं, ‘दादा, बॅटरी गेली असं का सांगितलंत? मुलगी रागावली म्हणून सांगायचं.’

‘बॅटरीचं मी न्हाई सांगितलं. मी गॅरेजला म्हटलो. बॅटरी त्यांनी लावली.’

‘पण का?’

‘गाडी बिघडली म्हटलं तर गाडीचं नाव खराब होतं. लेक नको म्हणते म्हटलं तर तुझं झालं असतं. मग गाडीचं होऊ दिलं.’

समोरचा रस्ता मोकळा होता. मी म्हटलं, ‘एसी लावू का?’

‘लाव,’ ते म्हणाले. ‘एकवर ठेव.’

आता बरंच सुरळीत चाललंय. फेरीचे पैसे लोक डॅशबोर्डवर ठेवतात, आणि ते उडू नयेत म्हणून दादांनी एक चिमटा आणलाय. त्या पैशातून पुढचे चार टायर येतील असं दादांना वाटतं. फार तर एक येईल, पण मी ते बोलत नाही. ओट्यावर आता ते विजेच्या बिलासोबत विम्याचाही आकडा सांगतात, आणि तो थोडा वाढवूनच सांगतात असा मला संशय आहे. मेंटेनन्सच्या काकांच्या मुलाला इलेक्ट्रिक गाडी घ्यायची होती. त्याला दादांनी टायर, केबल, हप्ता असं एवढं घाबरवलं की तो पुन्हा पेट्रोलचाच विचार करतोय. मला त्याला फोन करून समजावावं लागलं की गाडी चांगली आहे.

मागच्या आठवड्यात मी कारखान्यात एका व्हेंडरसोबत बसले होते, तेव्हा फोन वाजला. डोळ्याचे काका.

‘दुसऱ्या डोळ्याची तारीख मिळाली,’ ते म्हणाले. ‘येत्या गुरुवारी. पण तुझा महिन्याचा मोकळा गुरुवार कोणता ते मला माहीत नाही. तुझ्या दादाला विचारलं तर तो हो म्हणणार. म्हणून तुलाच विचारतो. जमेल का?’

येता गुरुवार नेमका तोच, माझा मोकळा होता. मी त्यांना सकाळी आठला तयार राहायला सांगितलं.